बाबा सिंदीला राहायला गेले

"सुतळी आहे काय घरात?" नरहररावांनी आतून विचारलं, तशी पद्मानं वांगी चिरायची थांबवली आणि फडताळातला गुंडा त्यांना नेऊन दिला. त्यांनी अंथरुणाची वळकटी गुडघ्याखाली दाबून धरली होती. सुतळीचे वेढे देऊन झाल्यावर त्यांनी तिला गाठीवर बोट ठेवायला सांगितलं. तिनं ठेवलं. गाठ आवळली गेली, आणि मगच तिच्या लक्षात आलं, की उन्हात घालायचं अंथरुण कोणी बांधत नाही.

"कुठं चालले बाबा?"

"सिंदीले."

"अन् अंथरुण काऊन?"

"तिथंच राहीन म्हणतो आता. मंदाबाईकडे."

मंदाबाई म्हणजे टेलिफोन खात्यात त्यांच्यासोबत नोकरी केलेल्या बापूरावांची बायको. बापूराव वारले तेव्हा नरहरराव त्यांच्या गावी, सिंदी रेल्वेला गेले होते, मग तेराव्याला गेले, मग मंदाबाईच्या दिराशी घराच्या हिश्शावरून काही बोलणं निघालं तेव्हा दोन शब्द सांगायला गेले. त्यानंतर ते काही कारण न सांगताच जात राहिले. सकाळच्या गाडीनं जायचे, दिवेलागणीला परत यायचे, येताना कधी पिशवीत ओला हरभरा असायचा. पद्मानं कधी खोदून विचारलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा दिवस जातो, एवढंच ती मनाशी म्हणायची.

आता मात्र तिनं विचारायचं ते सगळं विचारलं. लोक काय म्हणतील, पुण्याचा भाऊ अभिराम काय म्हणेल, बीपीच्या गोळ्यांकडे कोण पाहील. नरहररावांनी एकेका प्रश्नाचं उत्तर शांतपणे दिलं. लोक म्हणतील ते म्हणतील, अभिरामला फोन करून झाला आहे, आणि गोळ्या तर ते स्वतःच घेतात, पद्मा फक्त डबी पुढे सरकवते. लग्नबिग्न काही करायचं नाही. दोघांना एकमेकांची सोबत बरी वाटते, तेव्हा एका घरात राहायचं.

शेवटी पद्मा म्हणाली, "मी तुमच्यासाठी राह्यली ना इथं."

नरहररावांनी वळकटीतून बाहेर आलेलं चादरीचं टोक आत खोचलं. बराच वेळ खोचत राहिले. मग म्हणाले, "एखाद्या रविवारी ये तिकडे. बोलू."

दारात ऑटो येऊन उभा राहिला. वळकटी त्यांनी स्वतःच उचलली.

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतलं ते घर तसं लहानच. पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालायला थोडी जागा. आतापर्यंत पद्माला ते नेहमी अपुरं वाटत आलं होतं. आता शाळेतून आल्यावर ती कुलूप काढायची आणि दारातच थोडी उभी राहायची. कणीक दोघांची भिजायची. उरलेल्या पोळ्या ती दुसऱ्या दिवशी कुस्करून फोडणीला टाकायची, आणि त्या खाताना रेडिओ लावून ठेवायची. तो नरहररावांचा रेडिओ, त्यांनी नेला नव्हता. बातम्या संपून शेतीचा कार्यक्रम लागला तरी ती बंद करायला उठत नसे.

शेजारच्या नलूताई येऊन बसल्या. त्यांनी गालावर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की ह्या वयात माणसाला काय सुचेल सांगता येत नाही, पण पोरीनं जन्म घालवला त्याची तरी जाण ठेवायची. पुण्याहून अभिरामनंही फोनवर तेच सांगितलं. "ताई, तू त्यांच्यासाठी एवढं केलंस. तूच जा आणि घेऊन ये. तुझं ऐकतील ते."

पद्मा हे ऐकत आली होती. आई गेली तेव्हा अभिराम इंजिनीअरिंगला होता. बाबांना साधा चहा करता येत नव्हता. पद्मा नुकतीच शाळेत लागली होती. स्थळं येत होती, पण बाबांना सोडून कसं जाणार, म्हणून लग्न राहून गेलं. ती स्वतः हे कधी कुणाला सांगत नसे. लग्नकार्यात, हळदीकुंकवात, शाळेच्या स्टाफरूममध्ये दुसरंच कोणी सांगायचं, ऐकणाऱ्या बायका चुकचुकायच्या, आणि पद्मा पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत खाली पाहायची. तिला ते ऐकायला वाईट वाटत नसे. थंडीत कोणीतरी अंगावर शाल टाकावी तसं वाटायचं.

पहिल्या रविवारी ती सिंदीला गेली नाही. पुढच्या रविवारीही वह्या तपासत घरी बसली. त्याच्या पुढच्या रविवारी तिनं वडिलांचं स्वेटर आणि रेडिओ पिशवीत घातला आणि वर्ध्याहून मेमू गाडी पकडली.

सिंदीच्या स्टेशनबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या आणि रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकले होते. मंदाबाईचं घर जिनिंगच्या मागच्या गल्लीत होतं. दार उघडंच होतं. पद्मानं चपला काढल्या आणि आत पाहिलं, तर नरहरराव गॅससमोर उभे राहून चहात आलं किसत होते.

त्यांनी मागे वळून पाहिलं. "बस. तुयाही टाकतो." आणि मापानं पाणी वाढवलं.

मंदाबाई चांगली ठेंगणी, सावळी, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा असलेली बाई होती. तिनं पद्माच्या हातातली पिशवी घेतली, शाळेचं विचारलं, पिपरी मेघेत पाणी रोज येतं का तेही विचारलं. चहा गाळून झाला तसा तिनं आपला कप उचलला.

"मी वर तुरी वाळू घातल्या, त्या हालवून येतो बाई. तुम्ही बोला. तसंबी मले एका कानानं ऐकू येत नाई," असं म्हणून ती जिना चढून गेली.

पद्मानं चहाचा घोट घेतला. साखर तिच्याच चवीची होती.

"तुम्हाले चहा येते करता?"

"येतच होता. तुह्या मायच्या बाळंतपणात मीच करत जाओ." नरहरराव खाटेवर टेकले. "ती गेल्यावर एकदोनदा करायले गेलो, तर तू हातातून चहाचा गंज घेतला. मंग म्या सोडून देल्लं."

पद्मानं ठरवून आणलेली वाक्यं होती. अभिराम किती दुखावला आहे, नलूताई काय म्हणाल्या, शाळेत कसं तोंड दाखवायचं. ती एकामागून एक सांगत गेली. नरहररावांनी मधे तोडलं नाही. ती थांबली तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"हिंगणघाटचे ते मास्तर आठवते तुले?"

पद्मानं बशीकडे पाहिलं.

"तुयाशी बोलायच्या आधी ते माह्याकडे आलते. हापिसात. बाहेर हॉटेलात घेऊन गेले मले. म्हणे, एक खोली वाढवून घेतली, तुम्ही संगच चला, पोरीच्या जिवाले घोर नको. मी हो म्हटलं."

"तुम्ही कधी सांगतलं नाई."

"तू त्यांले नाई म्हणाली. अन् सायंकाळी मले येऊन सांगतलं, बाबा, तुम्हाले सोडून कशी जाऊ." नरहररावांनी रिकामा कप खाटेखाली सरकवला. "तवाच बोलायले पायजे होतं. नाई बोललो. ताटात गरम पोळी पडत होती, कपडे धुतलेले भेटत होते. सोयीचं होतं मले. लोकं म्हणत, पोरीनं तुमच्यासाठी जन्म घालवला, तं मान खाली घालून ऐकून घेत होतो. ते माझं चुकलं. ते मी कोणाच्या माथी मारत नाई."

वर गच्चीवर तुरी सारल्याचा खसखस आवाज येत होता.

"पण तो नकार माझा नोहता, पद्मा."

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. ती लहानपणी गणित चुकायची तेव्हा पाटीवर बोट ठेवून सांगायचे, तशा आवाजात म्हटलं.

हिंगणघाटच्या मास्तरांनी खोलीचं तिलाही सांगितलं होतं. ते एकटेच आले होते, भर दुपारी, आणि चपला अगदी भिंतीला लावून ठेवल्या होत्या. बाबाही आपल्यासोबत राहतील, त्यांना वेगळी खोली आहे, असं ते म्हणाले होते. हे पद्मानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. नलूताईंना नाही, अभिरामला नाही. सांगितलं असतं तर बायका चुकचुकल्या नसत्या.

"मंग मी काऊन नाई म्हटलं?" तिनं विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

नरहररावांनी तिच्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. ते सांगायचा प्रयत्न करत आहेत असं तिला वाटलं.

"ते मले कसं माहीत असन?"

मंदाबाई खाली आली. जेवूनच जा म्हणून तिनं आग्रह केला, आणि पद्मा जेवली. वरण-भात, पातोडीची भाजी. नरहररावांनी ताटं घेतली, नंतर उचललीही. निघताना ते तिला स्टेशनवर सोडायला चपला घालू लागले, तर पद्मा म्हणाली, रस्ता सरळ आहे, जाईन मी. त्यांनी आग्रह धरला नाही. स्वेटर मात्र लगेच अंगात घातलं, दुपारचं ऊन असूनही.

स्टेशनवर फारशी माणसं नव्हती. पद्मा वर्ध्याच्या बाजूच्या फलाटावर एका बाकाशी जाऊन उभी राहिली. बाकावर एक म्हातारी बाई बोरांचं गाठोडं घेऊन बसली होती. समोरून कोळशाची मालगाडी गेली, ती संपता संपेना. तिच्या आवाजात पद्माला ती दुपार पुन्हा दिसली.

मास्तर गेल्यावर तिनं दार लावून घेतलं होतं. आतून कडी घातली होती. मग त्यांचा कप घासला, केसांवरून नाहून घेतलं, आणि ओले केस उशीवर पसरून, दुपारी कधी न झोपणारी ती, संध्याकाळपर्यंत गाढ झोपली होती. माणूस वाईट नव्हता. हसायचा तेव्हा बरा दिसायचा. तरी कडी लावताना तिला हायसं वाटलं होतं, एवढं तिला आज लख्ख आठवलं. उठल्यावर बाबांना काय सांगायचं ते तिला फार शोधावं लागलं नव्हतं. बाबा समोरच बसले होते, बनियनवर, पेपर वाचत.

मालगाडी गेली आणि समोरचा फलाट एकदम रिकामा झाला. उन्हं रुळांवर तिरपी पडली होती. घरी गेल्यावर कुलूप काढायचं, दिवा लावायचा. रेडिओ आता इकडेच राहिला. कोणाला उशीर झाला असं वाटणार नव्हतं, कोणी दारात येऊन रस्ता पाहणार नव्हतं. तिनं कुठं जावं, केव्हा जावं, हे आता तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं बाकाची पाठ धरली.

मेमू आली. तिच्यासमोर बरोबर डब्याचं दार येऊन थांबलं. दोन पोरी हसत उतरल्या, एक माणूस सायकलचं टायर घेऊन चढला. डब्यात जागा होती, खिडकीजवळचीसुद्धा. पद्मानं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. भोंगा वाजला. गाडी हलली, दार पुढं सरकलं, मग मागचे डबे एकेक करत तिच्यासमोरून गेले, आणि शेवटच्या डब्यामागे रुळांवर नुसती धूळ राहिली.

बोरंवाल्या बाईनं पदरानं तोंड पुसलं.

"वर्ध्याचीच होती न बाई थे? चुकली काय तुमची गाडी?"

पद्माजवळ सांगायला पुष्कळ होतं. पायात गोळा आला, नीट ऐकू आलं नाही, डब्यात गर्दी वाटली. कोणतंही चाललं असतं. बाईनं लगेच हळहळून मान हलवली असती.

"चुकली नाई मावशी," पद्मा म्हणाली. "समोरच उभी होती. मी चढली नाई."

बाईनं गाठोडं थोडं आपल्याकडे ओढून घेतलं आणि पुढचं ऐकायला तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. पद्मा बाकावर तिच्या शेजारी बसली. पुढचं तिच्याकडे अजून नव्हतं.