बिनड्रायव्हरचा ट्रक

पास्टर टोलेफसन नरकातल्या आगीचं वर्णन करत होते. बाहेर उणे तीस असल्यामुळे ऐकणाऱ्यांना ते तितकंसं वाईट वाटत नव्हतं. तेवढ्यात आर्डिसला चर्चच्या खिडकीतून आपला डिझेल ट्रक जाताना दिसला. आत कोणीच नव्हतं.

उत्तर डकोटात असल्या थंडीत डिझेल गोठतं, इंजिन पुन्हा सुरू होत नाही; ते बंद करणारा एकतर पाहुणा, नाहीतर येडा. बाहेर चौदा ट्रक घरघरत उभे होते. त्यातल्या आर्डिसच्याच ट्रकचा गिअर आपोआप सुटला होता. त्याने सभ्यपणे मैदान ओलांडलं, पास्टरांचं खुराडं आडवं केलं आणि तो थांबला. कोंबड्या उबेला बॉनेटवर जाऊन बसल्या.

"कंपनीचं पत्र आलं नव्हतं?" पास्टरांनी विचारलं.

"तीन आली," आर्डिस म्हणाली. "गिअर सुटतो, नवं सॉफ्टवेअर टाकून घ्या म्हणून."

"मग?"

मग काय! जुनं सॉफ्टवेअर आर्डिसचं होतं. शाळेच्या भटारखान्यात बत्तीस वर्षं बटाटे सोललेली ही बाई तीन हिवाळे लॅपटॉप घेऊन बसली आणि तिने इंजिनाचा मेंदूच फिरवला. जत्रेतल्या वजन ओढायच्या शर्यतीत ट्रक सलग सहा वर्षं पहिला. चालवायचा तिचा नवरा ऑरिन, म्हणून गावाने करामतही त्याच्याच नावावर करून टाकली. कोणी पाठ थोपटली की ऑरिन नुसती टोपी सारखी करायचा.

"उताराला लावायचाच नाही," घरी ऑरिन म्हणाला. "चाकाखाली ठोकळा ठेवू."

"आज कोंबड्या होत्या, ऑरिन. रविवारच्या शाळेची पोरं तिथूनच बाहेर पडतात."

"आणि तुझं काम?"

सकाळी किल्ली घेऊन तीच आधी ट्रकमध्ये बसली.

शोरूमच्या वर्कशॉपच्या उघड्या दारात मेकॅनिक केन्ट म्हणाला, "आर्डिसबाई, जुनं सगळं पुसलं जाणार. आणि नव्याला कुलूप आहे, परत आत शिरता यायचं नाही. टाकू?"

"टाक."

"मग हा फॉर्म. इंजिनात बदल केले असतील तर करणाऱ्याचं नाव लिहायचं. कोरा सोडा बरं का, नाहीतर हमी जाईल." त्याने ऑरिनला डोळा मारला. "आम्हाला काय, ठाऊकच आहे कोणाचा हात ते!"

ऑरिनचा हात टोपीकडे गेला. या खेपेला त्याने ती काढूनच घेतली.

"मी कॉफी करून द्यायचो," तो म्हणाला. "बाकी सगळं हिचं."

केन्टचा डोळा अर्धा मिटलेलाच राहिला.

आर्डिसने पेन घेतलं. थंडीने शाई उतरेना, तेव्हा पेन काखेत धरून गरम केलं. मग रकान्याच्या बाहेर जाईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, माहेरच्या आडनावासकट, आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"हमी गेली, बाई."

"जाऊ दे."

जुनं पुसायला आत कोणीतरी ट्रकचं इंजिन बंद केलं. फॉर्म परत देण्याआधी तिने तो एकदा सावकाश वाचला.