गर्दीत चढणारा काटा

"ताई, बाबांकडे जरा बघा. काल मलाच विचारत होते, आपलं दुकान कुठलं म्हणून."

शेजारच्या टायरवाल्याने हे सांगितलं तेव्हा ती नेहमीसारखी घाईत होती. कडेवर लेक चिमणी, खांद्यावर चिमणीची पिशवी, दातांत गाडीची किल्ली. किल्ली हातात घेऊन ती हसली. "अहो, इतकी वर्षं शेजारी आहात आणि बाबांनी तुमची फिरकी घेतली हे कळलं नाही?"

टायरवाला आपल्या कामाकडे वळला. टबातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत राहिला.

खरं तर काळजी करण्यात तिचा हात कोणी धरला नसता. झोपलेल्या चिमणीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचा, औषधाच्या बाटलीवरची तारीख पुन्हा पुन्हा वाचायची, बाहेर पडल्यावर गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या रस्त्यातून नवऱ्याला फोन करायचा. नवरा म्हणायचा, "तुला काळजी करायला काही उरलं नाही तर त्याचीच काळजी वाटेल." पण या सगळ्यात बाबा कुठेच नव्हते. बाबांच्या भरवशावर उभं राहून ती बाकी जगाची काळजी करायची.

बाबा गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे. बॉनेट उघडायच्या आधी डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "कॉम्प्रेसरचं बेअरिंग कुरकुरतंय." उघडून बघावं तर तेच. कोणाच्या गाडीचं काय केलं हे लिहून ठेवायची त्यांना कधी गरजच पडली नाही. सगळं डोक्यात. आई गेल्यावर ते दुकानाच्या मागच्याच खोलीत राहायला आले. तिने घरी चला म्हणून किती विनवलं, तर म्हणाले, "इथे मला गाड्या हाका मारतात. तुझ्याकडे कोण मारणार?"

उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या गाडीचा रेडिएटरचा पंखा बंद पडला. बाबांनी मोटर बदलून दिली. नव्या मोटरचं सॉकेट जुन्याला बसेना, म्हणून तारा कापून जोडल्या, वर टेप गुंडाळली. आणि तेव्हापासून गाडी तापायला लागली.

मोकळ्या रस्त्यावर काही नाही. सिग्नलला थांबलं, गर्दीत अडकलं, की तापमानाचा काटा वर सरकायचा, आणि एसी चालू असला तर सरसर. ती गाडी घेऊन बाबांकडे गेली. बाबा म्हणाले कूलंट कमी आहे, आणि भरून दिलं. पुन्हा तेच. मग म्हणाले रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी चोंदली असेल, आणि पाण्याचा फवारा मारून धुऊन दिली. पुन्हा तेच. नवरा म्हणाला, "तुझ्या बाबांचा हात लागलेली गाडी बिघडते? मग तूच चालवताना काहीतरी करत असशील." तिलाही तेच वाटलं. चूक आपलीच असणार हे मानणं तिला नेहमीच सोपं जायचं.

मग तो पुलावरचा दिवस आला. भर दुपार, पुढे ट्रक, मागे बस, सगळं ठप्प. मागच्या सीटवर चिमणी पट्ट्यात बांधलेली. काटा लाल रेघेला टेकला. तिने एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि छातीवर दगड ठेवून हीटर पूर्ण लावला. इंजिनातली उष्णता थोडी तरी आतल्या बाजूने निघून जाते, हे बाबांनीच शिकवलेलं. उन्हाच्या झळा बाहेरून, हीटरच्या आतून. चिमणी आधी किंचाळली, मग नुसती हुंदके देत राहिली, मग गप्प झाली. ती गप्प झाली तेव्हा हिच्या काळजाचं पाणी झालं. एक हात मागे नेऊन तिने ते तापलेलं पाऊल धरून ठेवलं. पाऊल हललं की हिचा श्वास सुटायचा. ट्रक हलेपर्यंत किती वेळ गेला, तिला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी चिमणीला सासूबाईंकडे सोडून ती दुकानात जाऊन उभीच राहिली. "आज मी हलणार नाही, बाबा. माझ्यासमोर बघा."

"या, मास्तरीणबाई," बाबा म्हणाले. ती शाळेत असल्यापासून ते तिला हेच म्हणायचे, कारण ती प्रश्न फार विचारायची. "गाडीला ताप आलाय म्हणता? कपाळावर पट्ट्या ठेवल्या का?"

"थट्टा नको. काल पोर भाजून निघाली असती."

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी बॉनेट उघडलं. "चालू कर. एसी लाव." पंखा घरघरत फिरायला लागला. "फिरतोय ना?"

"फिरतोय."

"मग झालं तर. गाडीला दृष्ट लागली असेल."

"बाबा, नीट ऐका. पळताना तापत नाही. थांबली की तापते. एसी लावला की जास्तच."

"म्हणजे?" बाबांनी विचारलं.

तिला बरं वाटलं. लहानपणी ती दुकानात बसून गृहपाठ करत असताना ते असंच विचारायचे. एखाद्या गाडीची लक्षणं सांगायचे, मग 'म्हणजे?' म्हणून भुवया उडवायचे, आणि उत्तर चुकलं की तिची वेणी ओढायचे. ती उत्साहाने म्हणाली, "म्हणजे पळताना समोरून हवा आपोआप लागते. थांबल्यावर ती पंख्याने ओढून घ्यायची असते."

भुवया उडाल्या नाहीत. बाबा तिच्याकडे बघत होते, अनोळखी रस्त्यावर पत्ता विचारणारा माणूस बघतो तसे. ते तिची परीक्षा घेत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"पण पंखा तर फिरतोय," ते हळूच म्हणाले.

 काहीतरी करायचं म्हणून ती गाडीच्या पुढे गेली आणि जाळीसमोर तळहात धरला. हातावर गरम वाफ आल्यासारखी हवा आली. हवा आत जायला हवी होती. पिशवीतून चिमणीचा कागदी रुमाल काढून तिने जाळीला लावला. पंखा ठीक असेल तर रुमाल चिकटून राहतो. हा फडफडून उडाला आणि तिच्याच छातीवर येऊन आपटला.

"वारा असेल," बाबा म्हणाले.

तिने वारा अडवायला शटर अर्धं ओढलं आणि रुमाल पुन्हा लावला. तो पुन्हा उडाला.

आता मात्र बाबांच्या डोळ्यांत काहीतरी जागं झालं. "गाडी बंद कर," ते जुन्या आवाजात म्हणाले. टॉर्च घेऊन वाकले, तारा चाचपल्या आणि ताडकन सरळ झाले. "उलट्या! तारा उलट्या जोडल्यात! पंखा इंजिनाची गरम हवा पुढे फेकतोय, तीच फिरून रेडिएटरला लागतेय, वर एसीच्या जाळीची उष्णता. तापणार नाही तर काय होणार? कोणी केलं हे? नाव सांग त्या गाढवाचं. लेकराबाळांची गाडी आहे, काही जनाची मनाची?"

 खोटं नाव सांगावं, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. कोणतंही, कुठल्याही गॅरेजवाल्याचं.

बाबा टेप सोडवायला पुन्हा वाकले. टेपचं टोक आत दुमडून इवलासा कान केलेला होता, म्हणजे पुढे कोणाला सोडवायची झाली तर नख मारत बसावं लागू नये. असा कान करणारा माणूस तिने आयुष्यात एकच पाहिला होता. बाबांची बोटं त्या कानावर थांबली. 

"मीच का गं?"

"झालं असेल चुकून, बाबा. कोणाचंही होतं."

"माझं नाही होत." ते स्टुलावर बसले. मग एकदम तिचं मनगट धरलं. "चिमणी कुठंय?"

"सासूबाईंकडे. खेळतेय. ठीक आहे ती."

"आणि बाकीच्या? या दिवसांत आणखी कोणाच्या गाड्या केल्या मी?"

हे कोण सांगणार? त्यांच्या डोक्याशिवाय ते कुठेच नव्हतं. ती टायरवाल्याला बोलवायला गेली. त्याने आधीचं काही काढलं नाही, नुसता हात पुसत आला. त्याला शाळेची एक व्हॅन आठवली. त्या व्हॅनवाल्याला गाडी घेऊन बोलावलं, आणि तिच्या जाळीला लावलेला रुमालही उडाला. एक नर्स होती, तिच्या गाडीत दोष निघाला नाही. आणि एक पांढरी गाडी, जोडपं होतं, बाईच्या मांडीवर तान्हं मूल, लांबच्या प्रवासाला निघालेले. नंबर कोणालाच आठवत नाही. बाबा डोळे मिटून, दोन्ही हातांनी कपाळ दाबून आठवत राहिले. शेवटी म्हणाले, "मूल रडत होतं, एवढंच येतंय."

संध्याकाळी नवऱ्याने दुकानाच्या किल्ल्या खिशात टाकल्या. बाबांनी विरोध केला नाही. स्वतःच म्हणाले, "ठेवा. मला मागितल्या तरी देऊ नका." तिला वाटलं, निदान एवढं तरी त्यांच्या हातून झालं.

सकाळी ती पोचली तेव्हा बाबा आंघोळ करून, कामाचा शर्ट घालून बंद शटरसमोर उभे होते. "अगं, किल्ल्या कुठे गेल्या? गिऱ्हाईक खोळंबेल."

तिने सगळं पुन्हा सांगितलं. तारा, रुमाल, टेपचा कान. त्यांचा चेहरा पुन्हा तसाच पडला, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा. पुन्हा त्यांनी मनगट धरलं. पुन्हा "चिमणी कुठंय?" त्याच्या पुढच्या सकाळीही तेच. रोज नव्याने आपणच त्यांच्यावर घाव घालायचा, हे तिला झेपेना. मग एके दिवशी ती म्हणाली, "आज सुट्टी आहे, बाबा."

"हो का?" ते लगेच म्हणाले आणि लहान मुलासारखे खूश होऊन शर्टाची बटणं काढायला लागले. तिला वाटलं होतं, खोटं बोलल्यावर थोडं हलकं वाटेल. रस्त्याच्या कडेला उभी राहून ती इतकी रडली की टायरवाल्याने दुकानातून खुर्ची आणून ठेवली.

पांढरी गाडी अजून सापडलेली नाही. डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसात होत नाही, फार आधीपासून सुरू असणार. तेव्हापासून भेटेल त्याला ती एकच गोष्ट विचारते, आणि तुम्हालाही तिला तीच विचारायची आहे. हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर कोणी आलं का? वडील असतील, मावशी असेल, एकटे राहणारे काका असतील, ज्यांच्या हातावर तुम्ही डोळे झाकून विश्वास टाकता. फोन करू नका, फोनवर सगळे ठणठणीत असतात. आज जाऊन त्यांच्या शेजारी बसा. त्यांनी जन्मभर केलेलं एखादं काम त्यांना तुमच्यासमोर करू द्या, आणि त्यांचे हात बघा.