संशयित डॉक्टर

उदगीरजवळ कावळे मेले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि आसपासच्या गावांतल्या कोंबड्यांचे नमुने घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी सरकारी पशुवैद्यक. अंगभर पांढरा किट, चष्मा, मास्क असा सजून गावात उतरलो. पक्ष्याला हात लावलेल्या कुणाला ताप आला तर लपवू नका, असं जमलेल्या लोकांना तळमळीनं सांगितलं. मास्कमुळे कुणाला काही समजेना, म्हणून तो खाली ओढून पुन्हा सांगितलं. वर चढवायचा राहून गेला.

पहिलं घर सिद्धम्मामावशींचं. त्यांच्या कोंबड्याच्या घशात नमुन्याची काडी घातली, तर त्यानं माझ्या गालावर चोच मारली. रक्त आलं. सोबतच्या आरोग्य पथकानं गावभर चौकशी केली. धोक्याचा संपर्क झालेला माणूस एकच निघाला, तो मी. मग माझ्याही घशात काडी गेली. कोंबड्यापेक्षा जास्त धडपड मी केली.

लातूरच्या घरी माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. वरच्या मजल्यावर नीटच्या क्लासच्या मुली भाड्यानं राहतात. माझ्या बायकोनं, मुग्धानं, त्यांना खरं ते सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्यांचे आईवडील येऊन त्यांना घेऊन गेले. जाता जाता एकीनं खिडकीतून विषाणूचा प्रकार विचारला. परीक्षेत येईल म्हणे. मला एच आणि एन आठवले, पुढचे आकडे आठवेनात.

आरोग्यसेविका रोज फोनवर ताप-खोकला विचारायची. दोन-तीन दिवसांनी माझं नाक वाहू लागलं. सांगावं की नाही, याचा विचार मी चहा गार होईपर्यंत केला. शेवटी सांगितलं.

दुपारी सिद्धम्मामावशींचा फोन आला. विचारपूस करणार, म्हणून मी आवाज थोडा खोल लावला.

"साहेब, तुमाला सर्दी झाली म्हणं. माझ्या कोंबड्याला तुमच्यापासून काय होणार न्हाई ना? लई जवळून बोलत हुता तुमी त्याच्याशी."

त्याला वेगळा ठेवा, असं मी सांगितलं. दुसरं काय सांगणार?

पुढे माझा आणि गावातल्या कोंबड्यांचा अहवाल आला. कुणालाच काही नव्हतं. मावशींना फोन करून कळवलं. त्या हळूच म्हणाल्या, की कोंबड्या नेऊन मारतील या धास्तीनं त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. एवढे दिवस मला वाटत होतं, काळजीत आहे तो एकटा मीच.

"आता जेवते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.