मास्तरांची ठिगळी

घोडी घेतली तेव्हा मास्तरांना घोड्यांविषयी एवढंच माहीत होतं, की त्यांना चार पाय असतात आणि मागच्या दोन पायांपासून लांब राहावं. सगळा जन्म शिलाई मशीनवर गेलेला. तबेलेवाल्याच्या कोटाचं माप घ्यायला म्हणून गेले आणि कोपऱ्यात बांधलेल्या एका तरण्या घोडीवर जीव जडवून आले. तिच्या पाठीवर कधी कुणी बसलं नव्हतं, अंगाला ती हात लावू देत नव्हती. तबेलेवाला तिला कंटाळलाच होता. मास्तर म्हणाले, "मला द्या," आणि त्याने द्यायला एक क्षणही लावला नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे सुचावं! आता बोला!

"कपाळ माझं!" दारात घोडी बघून बायको म्हणाली. "अहो, या वयात लोक गुडघ्याला पट्टा आणतात. तुम्ही घोडी आणलीत?"

दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोडकी मशीनं पडली होती, ती हलवून जागा केली. तपकिरी अंग आणि कुशीवर पांढरा चौकोन, म्हणून तिचं नाव ठिगळी. शेडमध्ये नुसतं पाऊल टाकलं तरी ती भिंतीला चिकटायची, कान मागे टाकायची, थरथरायची. नालबंद खूर तासायला आला, तर त्याला तिने जवळही येऊ दिलं नाही.

"मास्तर, हिने माणसाचा मारच तेवढा पाहिलाय," तो म्हणाला. "घाई केलीत तर दात घशात जातील."

घाई मास्तरांच्या रक्तातच नव्हती. अंग चोरणारी गिऱ्हाइकं त्यांनी कमी पाहिली होती का? गुदगुल्या होणारी पोरं, लाजणाऱ्या म्हाताऱ्या. अशांच्या खांद्यावर आधी टेप नुसती टाकून ठेवायची आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या. ठिगळीशी त्यांनी तेच केलं. गळ्यातली टेप तिला हुंगू दिली. मग एक दिवस ती तिच्या मानेवर टाकली, मग पाठीवर, मग पोटाखालून घेतली. हलक्या आवाजात मापं बोलत राहायचे.

"झूल शिवताय की पोलकं?" बायको आतून हसायची.

एका दुपारी छातीचं माप चाललं होतं आणि ठिगळीने हनुवटी त्यांच्या खांद्यावर टेकली, पार जड होऊन. मास्तर तसेच उभे राहिले. रडले, अगदी हुंदके देऊन रडले. एवढा विश्वास त्यांच्यावर कुणी टाकला नव्हता, लग्नाच्या बायकोनेसुद्धा.

मग ते तिला रस्त्यावर फिरवायला लागले. नालबंदाने एकच गोष्ट बजावली होती. "दोरी हाताला गुंडाळायची नाही. सुटली तर सुटू दे." मास्तरांनी मान डोलावली. पण शिंप्याचा हात तो! दोरा हातात आला की बोटाभोवती वळसे घेतो, डोक्याला विचारत नाही. एके दिवशी ठिगळीची दोरी धरून मास्तर शेजारच्या दुकानदाराशी बोलत उभे होते. बोलता बोलता बोटांनी आपलं काम केलं. तेवढ्यात पलीकडचं शटर धाडकन खाली आलं.

ठिगळी उधळली. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट दोरीबरोबर गेलं.

गल्लीच्या टोकाला जाऊन ती थांबली आणि मागे फिरून मास्तरांपाशी येऊन उभी राहिली. लोक काठ्या घेऊन धावले. मास्तर रस्त्यात बसून रक्तबंबाळ हाताने त्यांना अडवत होते. "मारू नका तिला! चूक माझी आहे!"

अंगठा नाही म्हणजे कात्री नाही, आणि कात्री नाही म्हणजे शिंपी कसला? इस्पितळातून आले ते एका बाजूला बसून राहिले. मशीन बायको चालवायची, स्वयंपाकही तिचाच, घोडीचं पाणीही तिनेच ओढायचं. बिचारीने महिनोन् महिने तोंडातून ब्र काढला नाही. शेवटी एका सकाळी म्हणाली, "अहो, रागावू नका. मशीन मी चालवीन, कापड बेतायलाही शिकेन. पण तुम्ही आणि ती, दोघांना सांभाळायचं बळ नाही हो माझ्यात."

मास्तर त्याच दिवशी ठिगळीसाठी गिऱ्हाईक शोधायला निघाले.

तबेलेवाल्याने हात वर केले. नालबंदाने दहा जणांना विचारलं. "न शिकवलेली, त्यात मालकाची बोटं तोडलेली. कोण दारात उभं करील?" तो म्हणाला. शेवटी भाकड जनावरं उचलणारा एक व्यापारी तयार झाला. शेतावर मोकळी सोडू म्हणाला.

भर दुपारी ट्रक आला, बरोबर नालबंदही होता. ड्रायव्हर आणि त्याच्या जोडीदाराने फळी लावली. ठिगळीने चारही पाय रोवले. ओढून झालं, ओरडून झालं, मग जोडीदाराने लोखंडी गज काढला. मास्तरांनी ट्रकमध्ये डोकावून पाहिलं. आत गवताची एक काडी नव्हती, पाण्याची बादली नव्हती.

"कुठलं शेत?" त्यांनी विचारलं.

"आता शेतच म्हणा की," ड्रायव्हर म्हणाला. नालबंदाने मान फिरवली.

नको म्हणता आलं असतं. आत मशीनवर बसलेली बायको भांडली नसती, मुकाट्याने पुन्हा बादली उचलून चालू लागली असती. तिचे खांदे कसे वाकलेत, ते मास्तर रोज बघत होते. गज ठिगळीच्या पाठीवर उगारला गेला.

"तो ठेवा खाली," मास्तर म्हणाले. "मी चढवतो."

त्यांनी थोटा हात तिच्या मानेवर ठेवला. "चल बाई. काही नाही. मी आहे ना." आणि ते पुढे होऊन फळी चढले. ठिगळीने एकदा फळी हुंगली आणि त्यांच्यामागून सरळ आत आली. आत जाऊन त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. मास्तरांनी डाव्या हाताने तिला स्वतःच बांधलं.

ते उतरायला वळले तशी तीही वळली. दोरीने तिला अडवलं. फाळका बंद झाला आणि आतून ती खिंकाळायला लागली.

"वा मास्तर, मानलं!" ड्रायव्हर खुशीत म्हणाला. "एवढं शहाणं जनावर आम्हाला कधी मिळत नाही."

मास्तर घरात आले. बायको मशीन थांबवून उभी होती, डोळे सुजलेले.

"चढली का हो? मारलं तर नाही ना तिला?"

"नाही," मास्तर म्हणाले. "कशाला मारतील? मी बोलावलं, आणि ती आली."