मालकाडी

वैशाख लागायला आला तरी तिथे हिम होते. विनिपेग नावाच्या त्या सपाट, अफाट, आभाळाखाली एकट्या पडलेल्या शहरात ऊन यायचे तेही पांढरे, पातळ, पाणी घातलेल्या ताकासारखे. छपरांच्या कडांवरून थेंब गळत, अंगणातले हिम दिवसाकाठी बोटभर मागे सरे, आणि सरतासरता पोटात दडवलेले एकेक परत करी. त्या वर्षी त्याने कुंपणालगतच्या वीस काड्या परत केल्या.

तपकिरी काड्या. निष्पर्ण, निस्तेज, सालपटे सुटलेल्या. वारा आला की एकमेकींवर हलकेच वाजणाऱ्या. आदल्या उन्हाळ्यात त्या गयाबाईंनी वाढवल्या होत्या, आणि गयाबाई आता नव्हत्या.

सहा महिने लेकीकडे राहायला म्हणून त्या निफाडहून आल्या होत्या. शेजारच्या आयरीनबाईंनी कुंपणावरून रासबेरी या लाल फळाच्या झुडपाची पाच रोपे दिली. दोघींना एकमेकींच्या भाषेचा एक शब्द येत नव्हता, तरी दोघी तासन्‌तास बोलत. बायकांना बोलायला भाषा लागतेच असे नाही. उन्हाळाभर त्या रोपांना नुसता पाला आला. निघताना गयाबाई लेकीला म्हणाल्या, "वृषा, आवंदा पाला, फुडच्या साली लाल. आयरीननं बोटं दाखवून सांगितलंय. खाशील बघ."

मार्गशीर्षात, निफाडच्या घरी, त्या झोपेतच गेल्या. इकडे हिमवादळात विमाने बंद होती. वृषालीला आईचे शेवटचे तोंड दिसले नाही. तिच्यापाशी आईचे म्हणून उरले ते एवढेच: हिमाखाली झाकलेला एक शब्द, फुडच्या साली लाल.

मग तिने वडिलांना आणले.

कारभारी बोरस्ते. चाळीस वर्षे द्राक्षाच्या बागेत घालवलेला माणूस. ज्याच्या नुसत्या खाकरण्याने मळ्यातली माणसे कामाला लागत, त्याला इथे दार उघडायलाही कुलपाचे चार आकडे पाठ करावे लागत. जावई दूर उत्तरेला खाणीवर, पंधरा पंधरा दिवस घराबाहेर. लेक पहाटे कामावर जाई ती दिवस कलल्यावर येई. मधले घर म्हणजे शुभ्र भिंती, शुभ्र छत, शुभ्र खिडकी, आणि खिडकीबाहेर शुभ्र शांतता. बोलायला कोणी नाही, ओरडायला कोणी नाही, आणि जिच्यावर ओरडायची सवय होती ती तर नाहीच नाही.

त्याला एकटे वाटे. फार एकटे वाटे. पण हे लेकीला सांगावे कसे? बाप लेकीला असले काही सांगत नसतो.

काड्या दिसल्या, आणि त्याच्या हातांना जाग आली. काडी त्याला कळत होती. चैत्र-वैशाखात बागेची खरड छाटणी: गेल्या सालची काडी बुडाशी खरडून टाकायची, झाड मोकळे करायचे, मग नवी काडी फुटते, तीच पुढे माल धरते. जी काडी फळ देते तिला त्यांच्याकडे मालकाडी म्हणतात. इथली माती वेगळी, ऊन वेगळे. पण काडी ती काडी.

गयाच्या झाडांना यंदा लगडलेले पाहायचे, एवढेच त्याच्या मनात होते. त्याने गॅरेजातली कात्री शोधली, धार लावली, गुडघे ओल्या गवतात टेकले. दुपारभर तो छाटत राहिला. एकेक काडी बुडापासून, एकेक काडी मायेने. जुन्या हातांना जुने काम मिळाले होते, आणि कित्येक महिन्यांनी तो माणूस चक्क गुणगुणत होता.

"नाना, हे काय?" संध्याकाळी वृषाली मोकळ्या जागेकडे पाहतच राहिली.

"खरड छाटणी. येक काडी सुटू दिली नाही. आता बघ कसा माल धरतो."

ती हसली. तिचा विश्वास होता. आख्खे बालपण तिने त्याच हातांनी छाटलेली द्राक्षे खाल्ली होती.

मे महिना आला आणि माती फुटली. हिरवे, लवलवते, लोभस कोंब निघाले. बोटभर, वीतभर, हातभर. कामावर जाण्याआधी वृषाली रोज पाने बाजूला करून बघे आणि विचारी, "नाना, कळ्या?" तो म्हणे, "येतील." कळी येत नव्हती. पण पालवी अशी तजेलदार, अशी गर्द, की शंका घ्यायची लाज वाटावी.

जूनमध्ये आयरीनबाई परतल्या. हिवाळाभर त्या लांब मुलाकडे होत्या. गयाबाई गेल्याचे वृषालीने त्यांना कळवले होते. कुंपणावरून त्यांनी कारभारीचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली, हिरव्यागार ओळीकडे. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

त्यांच्या बाजूला कुंपणाशी फुलोरा होता. शुभ्र, सूक्ष्म, मधमाश्यांनी गजबजलेला. आयरीनबाईंनी त्याला एक काडी दाखवली: तपकिरी, वठल्यासारखी, सालपटे सुटलेली. फुले सगळी त्या काडीवर. त्यांनी दोन बोटे वर केली. मग शेजारची हिरवी, फुलाविण काडी दाखवली आणि एक बोट.

शेतकऱ्याला याहून जास्त सांगावे लागत नाही. पहिल्या साली पाला, दुसऱ्या साली फळ, मग मरण. त्याने खरडून टाकल्या त्याच मालकाड्या होत्या. वठलेल्या नव्हत्या, थांबलेल्या होत्या. गयाने पाणी घातलेल्या, गयाने बांधलेल्या, तिच्या शब्दासाठी आख्खा हिवाळा हिमाखाली उभ्या राहिलेल्या. त्याने त्या आपल्या हाताने कापल्या होत्या, आणि कापताना तो गुणगुणत होता.

"नाना, कळ्या?" दुसऱ्या सकाळी वृषालीने विचारले.

"येतील," तो म्हणाला.

लागोपाठ आठ दिवस सकाळी तो तसेच म्हणाला. पहिल्या सगळ्या 'येतील' भाबड्या होत्या. ह्या आठ खोट्या होत्या. कर्जवसुलीला आलेल्या बँकेच्या साहेबाला न घाबरलेला माणूस लेकीच्या त्या दोन शब्दांना घाबरू लागला. नवव्या दिवशी रविवार होता. ती गवतात बसून पान न्‌ पान उलटीत होती. त्याच्याने बघवेना.

"वृषा, ऊठ. नको बघू. माल नाही यायचा."

"का?"

"ह्या झाडाला दुसऱ्या सालच्या काडीवर माल येतो. तुझ्या आईनं वाढवलेली काडी, तीच मालकाडी होती. ती मी कापली."

"सगळ्या?"

"सगळ्या."

एकही काडी सुटू दिली नाही म्हणून त्या दिवशी केवढी फुशारकी! एखादी सुटली असती तर. हात एकदा तरी चुकला असता तर.

वृषाली रडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "मी तिचं तोंड पाहिलं नाही, नाना. निदान एवढं तरी..." वाक्य तिथेच टाकून ती आत गेली.

मग उन्हाळा आला, लांबलचक, लख्ख, मावळता मावळेना असा. आयरीनबाईंच्या कुंपणाशी माणके पिकली. त्यांनी वाडगाभर आणून दिली. ती फ्रीजमध्ये तशीच राहिली आणि तिथेच नासली. वृषाली बापाशी वाकडे बोलली नाही. गरम भाकरी वाढी, औषधाची आठवण करी, उशी बदलून देई. राग परवडला असता. रागाशी भांडता येते, सौजन्याशी कोण भांडणार? एका छपराखाली दोन माणसे होती, आणि दोघांच्या मधे एक ओळ होती, हिरवी, निष्फळ, डोलणारी.

त्याने त्या ओळीची सेवा केली. गवत उपटले, तार ताणली, काडी काडी बांधली. आश्विनात निफाडला परत जायच्या आदल्या दिवशी आयरीनबाईंनी दाखवले तसे त्याने काड्यांना वाकवून जमिनीशी अंथरले, वर पेंढा पसरला, थंडी लागू नये म्हणून. विमानतळावर लेक पाया पडली. तो म्हणाला, "जपून ऱ्हा." अजून खूप काही म्हणायचे होते.

निफाडच्या घरात हिवाळा तसा नसतोच. तरी त्याला त्या वर्षी थंडी फार वाजली. रविवारी फोन येई. "जेवलात?" "जेवलो." "बरे आहात ना?" "बरा हाये." पेंढा काढला का, कोंब दिसतात का, हे विचारायला त्याची जीभ उचलत नसे. ज्याने कापले त्याने कोणत्या तोंडाने विचारावे?

श्रावणातल्या एका सकाळी, रविवार नसताना, फोन आला. पडद्यावर वृषालीचा चेहरा नव्हता. कुंपण होते, तिकडचे उतरते ऊन होते, आणि उंच तपकिरी काड्या होत्या. काड्यांवर फळ नव्हते. फळाच्या जागी जागोजागी पांढरी, निमुळती बोंडे होती, शेकडो, दातांएवढी.

"ते पांढरं काय गं?"

"गाभा. हे फळ तोडलं ना, की पोकळ हातात येतं, नाना. गाभा काडीलाच राहतो."

"म्हंजी... आली फळं?"

"तीन आठवडे येत होती. तुम्हाला सांगायचं नव्हतं मला. रोज एकटीच खायचे. इथेच बसून."

त्याने मान हलवली. ती तिला दिसली का कोण जाणे. "कशी लागत्यात?"

"आधी आंबट. मग गोड." तिने एक काडी फोनजवळ ओढली. "ह्या काड्या आईनं पाहिल्यासुद्धा नाहीत. तिला हात लावायला मिळाला नाही. ह्या तुम्ही वाढवल्यात. मी आईचं फळ म्हणून तोंडात टाकायचे, आणि मला तुम्ही दिसायचात, ओल्या गवतात गुडघे टेकून."

पडद्यावरच्या काड्या तो एकेक करून मोजू लागला.

"आता संपली सगळी. आता ह्या काड्यांचं काय करू? कापू?"

"मला इचारतीस?"

"मग कुणाला विचारू, नाना?"

ओट्यावर बसलेल्या त्या म्हाताऱ्याने उपरण्याने डोळे पुसले, फोन जवळ धरला, आणि सावकाश, एकेक शब्द जपून ठेवत सांगितले, "तपकिरी तेवढी काप. बुडापासून. दिलं तिनं, आता तिला मोकळी कर. हिरवीला हात लावू नको."

तिने फोन कुंपणाला टेकवला. कात्री वाजली, काडी कलली, पांढरे गाभे गवतावर टेकले. "ही?" "ही." कात्री वाजली, काडी कलली. "ही?" "नको, ती न्हाई, तिच्या मागची." तिकडे दिवस मावळत होता, इकडे दिवस चढत होता, तिकडे एक बाई एकटी छाटत होती, इकडे एक म्हातारा एकटा सांगत होता, आणि काडीमागून काडी, काडीमागून काडी, दोघांच्या मधली जागा मोकळी होत होती.