बेशरमीच्या सहा कांड्या

बेशरम हे झाड मानवजातीच्या इतिहासात आजवर कोणीही कोणाला प्रेमाने भेट दिलेलं नाही. लोक ते कुंपणाला लावतात, चुलीत घालतात, नाहीतर शिव्या घालून सोडून देतात. हे विधान मागच्या मार्चपर्यंत पक्कं होतं. मग झरीच्या भिकूने बेशरमीच्या सहा कांड्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, सुतळीने आवळल्या आणि तलासरीला बस बदलून डहाणूला जावयाच्या घरी नेल्या.

भिकूला हे झाड माहीत नव्हतं, असं कोणी म्हणू नये. त्याच्या दोन बकऱ्या याच झाडाने नेल्या होत्या. बकरी एरवी बेशरमीला तोंड लावत नाही. पण उन्हाळ्यात दुसरं हिरवं काही उरत नाही, मग एकदा लावते, आणि मग तिला चटक लागते. मान डुगडुगते, मागचे पाय ऐकेनासे होतात, आणि शेवटी ती मालकाकडे अशी बघते, जणू चूक त्याचीच. ‘वरून गुलाबी फुलं आणि आत वीख’ असं भिकू या झाडाचं वर्णन करी, आणि पाठोपाठ पाड्यावरच्या एका पुढाऱ्याचं नाव घेई.

अडचण झाडाची नव्हती, जावयाची होती. जावई वाईट असता तर सोपं होतं. प्रविण चांगला होता. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या होडीवाल्या घरातला, विम्याच्या ऑफिसात कामाला, भिकूच्या एकुलत्या पुष्पाला नीट सांभाळणारा. पुष्पा डहाणूतच दवाखान्यात नर्स होती. दोघांनी तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं होतं आणि त्या घरात सगळं होतं. तेच भिकूला नडत होतं. लेकीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढा एकच कायदा त्याच्या घराण्यात लेखी नसूनही कोणी मोडला नव्हता. भिकूने नाचणी नेली, तर घरात नाचणीचं तयार पीठ पाकिटात होतं. कोंबडा नेला, तर तो पहाटे आरवला आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्याविषयी अकरा मेसेज आले. दर वेळी प्रविण अगदी मनापासून म्हणे, “बाबा, कशाला ओझं आणलंत? इथे सगळं मिळतं.”

दोन वर्षं भिकू त्या घरातून आहेर न देता जेवून उठलेल्या वऱ्हाड्यासारखा बाहेर पडत होता.

आणि मग फेब्रुवारीत प्रविणने त्याला गॅलरीत नेऊन एक कुंडी दाखवली.

“अडेनियम,” प्रविण म्हणाला. “सातशेला घेतलं. आवडलं की नाही?”

भिकूने पाहिलं. गुलाबी फूल, भोंग्यासारखं, पाच पाकळ्यांचं. बेशरम. जावयाने पैसे मोजून बेशरम घेतली होती. पानं जरा तुकतुकीत होती खरी, पण शहरात आल्यावर पुष्पाचीही कातडी तुकतुकीत झाली होती. खोड खाली पोटासारखं सुटलेलं होतं. त्यातही नवल नव्हतं. एका जागी बसून आयतं खाणाऱ्याचं पोट सुटतंच.

प्रविण ओल्या फडक्याने त्याचं एकेक पान पुसत होता. मग त्याने औषधाच्या बाटलीच्या झाकणाने पाणी मोजून घातलं.

“जास्त झालं की कुजतं,” तो म्हणाला. “फार नाजूक आहे.”

जे झाड भिकूने तळ्यात गळाभर उभं राहून चार महिने काढताना पाहिलं होतं, त्याला झाकणाने पाणी. पण जावयाला ‘तुम्ही फसलात’ असं तोंडावर म्हणायचं नसतं. भिकू “बेस हाय” एवढंच म्हणाला. घरी येईपर्यंत मात्र त्याचा चेहरा खुलला होता. जावयाला काय आवडतं, ते अखेर कळलं होतं, आणि ते भिकूकडे दीड एकराच्या बांधाभर होतं.

“जावयाला वीख नेऊन देतोस?” जमना म्हणाली. ती त्याची बायको, आणि मेलेल्या बकऱ्यांपैकी एक तिच्या माहेरची होती.

“त्यांच्याकडे बकऱ्या कुठेत?”

“लोक काय म्हणतील?”

“तिसऱ्या मजल्यावर लोक कुठेत?”

जमनाने हात टेकले. मात्र कांड्या तिने निवडून दिल्या. “ती नको, ती वाकडी. जावयाला द्यायची ना, सरळ घे.”

बसमध्ये कंडक्टरने गाठोड्याकडे पाहिलं. “काय मामा, कुंपण घालायला?”

“जावयाला देयाची.”

कंडक्टरने तिकीट फाडलं आणि थोडं थांबून सहानुभूतीने विचारलं, “काय केलं त्याने?”

पुष्पाने दार उघडलं. लहानपण तिने बेशरमीच्या कुंपणाआड काढलं होतं, तिला गाठोडं सोडायचीही गरज नव्हती.

“बाबा, कुंपण कुठे घालतोस? गॅलरीला ग्रिल आहे.”

“जावयासाठी आणलंय. त्या कुंडीतल्याला जोडीदार.”

पुष्पाने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. आधी तिला हसू आलं, मग ते तिने आवरलं, आणि त्याला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून हळूच सांगितलं, “ते झाड वेगळं आहे रे. परदेशी. ही बेशरम, ते अडेनियम.”

“फूल तेच हाय.”

“फूल दिसतं तसं. बाकी सगळं निराळं. तू पानं बघितलीस का?”

“पानं बघितली. मला वाटलं, सुधारली.”

आता मात्र पुष्पाला आवरेना. ती ओट्याला धरून हसली, डोळे पुसले आणि पुन्हा हसली. भिकूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा तो ताठ मानेने जिना चढला होता.

“त्यांना सांगू नको,” तो म्हणाला. “मी जाताना परत नेतो. विचारलंच तर म्हण, बाबाने सरपण आणलं.”

“गॅसच्या घरात सरपण?”

“मग म्हण, बाबाला आता आठवत नाय.”

शनिवार होता, ऑफिस लवकर सुटलं होतं. प्रविण आला, पाया पडला, आणि त्याचं लक्ष दाराशी ठेवलेल्या गाठोड्याकडे गेलं. “काय आणलंत बाबा?” म्हणत त्याने सुतळी सोडलीसुद्धा.

 

“बेशरम?” प्रविण म्हणाला.

मग भिकूने सगळं सांगून टाकलं. सरपणाचं खोटं त्याला पेललं नसतं. “मला वाटलं तुम्हाला नर्सरीवाल्याने गंडवलं. पण तुम्ही असे मायेने पुसत होता, म्हटलं आवडतं यांना. आमच्याकडे रगड हाय, घेऊन जाऊ. आता कळलं, वेगळं झाड हाय म्हणून. टाकून देतो. वीख असतं यात.”

पुष्पा तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली होती. प्रविण हसला नाही. तो उकिडवा बसला आणि एकेक कांडी हातात घेऊन फिरवून बघू लागला.

“बाबा, विषारी तेही आहे,” तो म्हणाला. “छाटलं की हात धुवा, असं सांगून दिलंय मला. आफ्रिकेत त्याचा चीक बाणाला लावायचे म्हणे.”

भिकूने गॅलरीतल्या त्या पोटसुट्या झाडाकडे प्रथमच आदराने पाहिलं.

“म्हणजे मी वळखलं बरोबरच.”

“जात बरोबर ओळखलीत. आडनाव चुकलं.” प्रविणने घर रंगवताना उरलेली बादली ओढली. “यात लावूया. पाणी किती घालायचं?”

“पाणी?”

“झाकण? दोन झाकणं?”

भिकूने जावयाकडे पाहिलं. या घरात त्याला आजवर चहा किती साखरेचा आणि पंखा किती नंबरवर, एवढंच विचारलं गेलं होतं. त्याला येत असलेलं कोणी विचारलं नव्हतं. तो स्टुलावरून उठून खाली मांडी घालून बसला.

“ऐका,” तो म्हणाला, आणि पुढचा अर्धा तास बोलला. कांडी तिरकी कापायची, कोणतं टोक वर ते कांडीच्या डोळ्यांवरून, म्हणजे कोंबांच्या गाठींवरून ओळखायचं, बादलीला भोक पाडलं तरी चालतं, न पाडलं तरी चालतं. विसरणं हेच याचं खत. आणि बकरी आलीच तिसऱ्या मजल्यावर, तर तिला आत बांधून ठेवायची. प्रविण मान डोलवत होता. मध्येच त्याने मोबाईल काढून दोन गोष्टी लिहूनही घेतल्या. कांड्या लावून झाल्या तेव्हा पुष्पाने चहा आणला आणि दोघांनाही आधी हात धुवायला पिटाळलं.

अडेनियम पावसाळ्यात एकाच आठवड्यात कुजलं. वाऱ्याने तिरपं पाणी आलं, ते झाकणाने मोजलेलं नव्हतं. बेशरमीने तोवर ग्रिल ओलांडून वरचा मजला गाठला होता. वरच्या भाविनीबेननी खाली वाकून विचारलं, “आ शुं छे, प्रविणभाई? बहु सरस फूल छे.”

“झरीचं आहे,” प्रविण म्हणाला. “सासऱ्यांनी दिलं.”

त्या संध्याकाळी त्याने भिकूला फोन केला. पुढच्या वेळी येताना आणखी दोन कांड्या आणा, वरच्या बाईंना हव्यात, शक्यतो सरळ बघून. भिकूने फोन ठेवला आणि ही बातमी जमनाला सांगितली, मग शेजारच्या लहान्याला, मग नाक्यावर जाऊन चहावाल्याला. जावयाने स्वतः फोन करून मागवलं, असं तो प्रत्येकाला सांगत होता. काय मागवलं, ते मात्र कोणालाच सांगत नव्हता. मग अंधार पडायच्या आत कोयता घेऊन तो बांधावर गेला.

प्रविणच्या इमारतीमागे नाला आहे. त्याच्या काठाने गेटपासून पुलापर्यंत सगळी बेशरमच आहे, आणि प्रविण रोज तिच्याच सावलीत स्कूटर लावतो.