शेखरच्या दारातला ब्रेकर

तानाबाईंना नणंदेच्या दारात लेकाच्या गाडीतून उतरायचं होतं. बाकी त्यांचं जगाकडे काही मागणं नव्हतं.

झालं होतं असं. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला जाताना नणंदेनं, म्हणजे जानेफळच्या जनकाबाईंनी, आपल्या लेकाच्या, शेखरच्या उंच पांढऱ्या गाडीत तानाबाईंना पार मागं बसवलं, मठ्ठ्याच्या पिंपाशेजारी. वर चारचौघांत म्हणाल्या, "वयनी, तुमची सोय केली बरं." मेहकर येईपर्यंत तानाबाई पिंपाला मिठी मारून होत्या. साडीवर सांडलेला मठ्ठा धुतल्यावर निघाला. ती 'सोय' मात्र मनातून निघाली नाही.

मग तानाबाईंच्या लेकानं, प्रसेनजितनं, पुण्यात गाडी घेतली आणि तानाबाईंना हुरूप आला. चिखलीतली त्यांची सगळी गल्ली ही बातमी ऐकून थकली. अशात शेखरला मुलगी झाली, नामकरणाचं आवतन आलं, आणि प्रसेनजित म्हणाला, "माय, गाडी घेऊनच येतो."

गाडी आली ती आधी ऐकू आली. मग दिसली. लाल, छोटी, आणि खालून कोणी पाय कापल्यागत बुटकी. प्रसेनजितच्या वडिलांनी, पंजाबरावांनी, तिच्याभोवती एक फेरी मारली. ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, गाड्यांबद्दल त्यांची मतं होती.

"काऊन बे, स्प्रिंगा बसल्या का हिच्या?"

"बसल्या नाही, बाबा. मुद्दाम खाली केली. स्प्रिंगा कडक टाकल्या, चाकं रुंद टाकली. पुढच्या महिन्यात शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची हाय, तिकडं दक्षिणेत. वळणावर कलत नाही आता."

"अन् ट्रॅकवर जाऊन कुठं पोचतेत?"

"कुठंच नाही. गोल फिरून तिथंच येतेत."

पंजाबरावांनी मागचं दार उघडायला हात घातला, तर दारच नव्हतं. काचेतून पाहिलं तर आत सीटही नव्हतं, नुसता लोखंडी पाइपांचा पिंजरा. प्रसेनजितनं सांगितलं की वजन कमी व्हावं म्हणून मागचं सीट काढलं. उभी हयात 'पुढं सरका, पुढं सरका' करत दोघांच्या बाकड्यावर तिघं बसवण्यात घालवलेला तो माणूस. कोणी आपल्या हातानं जागा काढून फेकतं, हे त्यांना सहन झालं नाही. "मी आपला एसटीनं येतो," म्हणून ते घरात गेले.

तानाबाईंनी माघार घेतली नाही. नामकरणाच्या दिवशी निळ्या काठाची पांढरी साडी नेसून त्या पुढच्या सीटमध्ये शिरल्या. सीट कसलं, कुंडीच ती. दोन्ही बाजूंना उंच कड, मधे माणूस. प्रसेनजितनं खांद्यांवरून आणि कमरेवरून असे चार पट्टे आणून त्यांच्या पोटावर आवळले.

"बाळंतिणीले बी इतकं बांधत नाहीत रे," तानाबाई म्हणाल्या. पण खूश होत्या.

सपाट रस्त्यावर गाडी खरंच देखणी चालली. अडचण होती ब्रेकरांची. आपल्या भागात ब्रेकर हा वाहनांसाठी नसतो, माणसांसाठी असतो. ज्याचं गावात वजन, त्याच्या दारासमोर ब्रेकर. सरपंचाचा एक, मग उपसरपंचाचा त्याहून वीतभर उंच, मग पडलेल्या उमेदवाराचा सगळ्यांत उंच. पहिला आला तसा प्रसेनजित म्हणाला, "माय, जरा उतर. तू बसली तर बूड घासते."

तानाबाईंना पट्ट्यांतून सोडवलं, ओढून काढलं. गाडी तिरकी होऊन मुंगीच्या चालीनं ब्रेकर चढली. तानाबाई चालत ओलांडून पुन्हा कुंडीत बसल्या. पुढच्या गावात तेच. त्याच्या पुढच्या गावातही. एकदा त्या अशाच रस्त्यावर उभ्या असताना मागून एसटी आली. खिडकीत पंजाबराव होते. त्यांनी बायकोला हात केला आणि शांतपणे पुढं निघून गेले.

जानेफळच्या वेशीवर तानाबाईंनी लेकाला बजावलं. "आता काही झालं तरी मी उतरणार नाही. मंडपासमोरच उतरीन."

"बरं," प्रसेनजित म्हणाला. त्याला तरी काय माहीत, की मुलगी झाल्याच्या आनंदात शेखरनं आपल्या दारासमोर, मंडपाच्या तोंडाशीच, नवाकोरा ब्रेकर घालून घेतलाय.

गाडीची पुढची चाकं त्यावर चढली, उतरली, आणि खर्र आवाज करून गाडी मधोमध पोटावर टेकली. पुढंही जाईना, मागंही येईना. प्रसेनजितनं डोक्याला हात लावला. त्रिशरण-पंचशील होऊन सगळे नावाची वाट पाहत बसले होते, ते उठून बाहेर आले.

"मामी, उतरा," शेखर वाकून म्हणाला. "गाडी हलकी होईन."

"मंडप कुठं हाय?"

"हा काय, समोरच."

"मंग तिथं उतरते."

प्रसेनजितनं विनवलं. पंजाबराव आधीच पोचून चहा पिऊन बसले होते, त्यांनी समजावलं. तानाबाई समोरच्या काचेतून सरळ पाहत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते त्या कोणाला दिसू देणार नव्हत्या. वर्षभर घासून घासून एक वाक्य तयार केलं होतं त्यांनी: 'जनकाबाई, आमची सोय आम्ही केली.' ते रस्त्यावर उभं राहून कसं म्हणायचं?

शेवटी शेखरच वैतागून म्हणाला, "उचला रे."

मंडपातली सारी पोरं धावली. वजन कमी करण्यासाठी प्रसेनजितनं केलेली सारी खटपट अखेर कामी आली. "बंपरले धरू नका, खालच्या काठाले धरा," असं तो ओरडत होता. गाडी तानाबाईंसकट वर उठली आणि मेण्यासारखी झुलत मंडपासमोर जाऊन टेकली. शेखर पुढच्या चाकाशी होता. घामानं निथळत होता.

दार उघडलं. जनकाबाई समोर आल्या. गाडी इतकी खाली, की भावजयीचं तोंड पाहायला त्यांना गुडघ्यांवर हात ठेवून पार वाकावं लागलं. हाच तो क्षण. तानाबाईंनी चार पट्टे सोडवून घेतले, वाक्य ओठांवर आणलं आणि उठायला जोर केला. कुंडीनं सोडलं नाही. पुन्हा जोर केला. छे.

"द्या हात," जनकाबाई म्हणाल्या.

जिच्या नाकावर टिच्चून उतरायचं, तिच्याच हाताशिवाय उतरता येईना. तानाबाईंनी मुकाट्यानं हात दिला. जनकाबाईंचे गुडघे दुखरे, तरी त्यांनी दात आवळून ओढलं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा दोघी एकमेकींच्या अंगावर आल्या. पडू नये म्हणून जनकाबाईंनी त्यांना कवटाळलं. वाक्य कुठं गेलं ते तानाबाईंना कळलंच नाही.

"लागलं का वयनी?" जनकाबाई धापा टाकत विचारत होत्या.

"नाही. तुमचे गुडघे?"

"ते काय, दुखतेतच." जनकाबाईंनी गाडीत डोकावून पाहिलं. "वयनी, मले एक चक्कर मारून आणता का हिच्यात?"

"बसा ना," तानाबाई म्हणाल्या. "काढाले मी हाय."